पानथरीवरचे तीन डाग

नातीच्या डाव्या बरगडीखाली हाताला घट्ट लागलं, तेव्हाच मी घरात सांगितलं, पोरीची पानथरी वाढली. सहा वर्षांची पोर, डोळे पिवळे, एक जिना चढली की खाली बसायची. लहानपणी माझंही असंच झालं होतं. गावाकडे पोटावर तापल्या सळईचे तीन डाग दिले आणि मी बरा झालो. पुढे शहरात, गोडादऱ्यात राहून चाळीस वर्षं कापडाचे माग चालवले. म्हणून मी गावच्या डाग देणाऱ्याला फोन करून रविवार ठरवला.

सून म्हणाली, "आबा, आधी सोनोग्राफी."

पोरीचं रक्त तपासलं त्यात काहीतरी निघालं होतं. पण रक्तातला रोग पोटावर यंत्र फिरवून कसा दिसणार? हे डॉक्टर लोक पैशांसाठी एकमेकांकडे माणसं पाठवतात, मला ठाऊक आहे. लक्ष ठेवायला मी सोबत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पोटावर थंडगार चिकट काहीतरी चोपडलं. पडद्यावर नुसता राखाडी धूर. म्हणाल्या, "काका, हिच्या रक्तातल्या लाल पेशी पानथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकून लवकर फुटतात, म्हणून ती फुगते. किती फुगली ते इथे दिसतं. रोग कोणता, ते रक्तच सांगेल."

"परत मोजा."

कापडाचे धागे काच लावून मोजायचो, तेव्हा एका मोजणीवर मी कधी विसंबलो नाही. बाईंनी परत मोजलं. आकडा तोच.

सून म्हणाली, "बाई, हे हिला डाग द्यायला नेणार आहेत."

"मला गुण आला," म्हणत मी शर्ट वर केला.

बाईंनी डाग पाहिले. "आडवे व्हा जरा."

तेच यंत्र माझ्या डागांवरून फिरलं. बाईंनी पडद्यावर मोजमाप घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची अजून मोठीच आहे. कातडी तेवढी जळली. तुमचंही रक्त तपासू, हिचा रोग घरातूनच आला असेल."

मी परत मोजायला लावलं. सून भिंतीकडे बघत होती.

"आबा, दुखलं होतं का?" पोरीनं विचारलं.

आजवर घरात नाहीच म्हणत आलो होतो. म्हटलं, "जाळल्यावर दुखणारच."

रक्त दिलं. बाटलीवर चिठ्ठी माझ्याच नावाची चिकटवतात ना, ते उभं राहून पाहिलं. घरी येऊन गावी डाग देणाऱ्याला फोन लावला, रविवारी येत नाही म्हणालो.

"काय झायं?" त्यानं विचारलं.

गाडीला गर्दी आहे, म्हटलं.