मधुदादाचा पावना

मधुदादाच्या दुकानात बिडी ओढायला मनाई नव्हती. हिंगणघाटात सरकी-ढेपेचा, म्हणजे गुरांच्या खुराकाचा, धंदा करायचा आणि म्हशीवाल्यांना बिडी ओढू द्यायची नाही, हे जमलंच नसतं. मात्र उठताना गिऱ्हाइकाने थोटूक पाण्याच्या वाडग्यात बुडवून दादाला दाखवायचं, असा तिथला रिवाज होता. बुडालेलं थोटूक पाहूनही दादा विचारायचा, "विझलं ना?" समोरचा "विझलं, मधुभाऊ" म्हणाला की मगच पोतं गाडीवर चढायचं.

दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर तो दुकानावर बसला म्हणून मी शिकू शकलो आणि समुद्रपूरच्या शाळेत मास्तर झालो. तो मला अजूनही मास्तरच म्हणतो, आणि त्यात थोडी टिंगलही असते.

पुढे वाडगा पुरेना. दादा सरकीच्या पोत्यांवर हात फिरवून आत ऊब आहे का, ते बघू लागला. मग पोती रिकामी करू लागला. आपल्या एका ठिणगीने शेजारचं कापसाचं जिनिंग पेटेल, माणसं जळतील, हे त्याच्या मनातून हलेना. डॉक्टरांनी मंत्रचळ म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, बदलल्या, वाढवल्या. दादाने त्या आजाराला स्वतःचं नाव ठेवलं होतं. "माह्या डोक्यात एक पावना बसला आहे, मास्तर. चहा पाजला का उठते, अन् पायरीवरून वापस येते."

शेवटी दुकान बंद झालं आणि दादा घरी गॅसच्या शेगडीपाशी बसून राहू लागला. अंघोळ राहायची, जेवण राहायचं. सुमनवहिनी, गल्लीतली माणसं, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे दिवसभर त्याला "विझलं" म्हणून सांगत. मी वर्गाबाहेर येऊन फोनवर सांगत असे. आमच्या घराची माया म्हणजे तो एक शब्द होता. एकदा दादा अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पावन्याले घेऊन वेणा नदीच्या पुलावर जाऊन येऊ काय?" मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

त्यानंतर मी मोबाइलवर वाचत बसू लागलो. कशानेच गुण न आलेल्या अशा रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रिया करतात, हे मला तिथेच कळलं. दादाला नेहमीच्या तपासणीला जायचं आहे असं सांगून मी नागपूरला नेलं, वहिनीही बरोबर होत्या. खरं कारण त्याला सांगितलं नाही. दादाच्या काळजीने मी हे केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. त्यात माझा थकवाही होता. तो फोन वाजायचा थांबावा, असं मला फार वाटत होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई आधी माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्यांनी खुर्ची दादाकडे वळवली आणि शस्त्रक्रियेबद्दल त्यालाच काय वाटतं, ते विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. "मले न सांगता माह्या डोक्याचा सौदा कराले आनलं काय, मास्तर?" मग त्याने बाईंनाच विचारलं, "पावन्याले काढता काढता घरमालक बी निंघून गेला त?"

बाईंनी प्रश्न टाळला नाही. काहींचा त्रास पुष्कळ कमी होतो, काहींचा होत नाही, आणि धोके आहेतच, असं सांगितलं. दादाची स्वतःची संमती आणि त्यावर मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी, या दोन्हींशिवाय कोणी हात लावणार नाही, हेही सांगितलं. मग विचारलं की दादा 'विझलं ना' विचारतो तेव्हा घरचे काय करतात. मी थोड्या अभिमानानेच म्हणालो की आम्ही कधीच उत्तर चुकवत नाही.

त्यावर बाई म्हणाल्या की अशा प्रत्येक उत्तराने शंका घडीभर निवते आणि परत येते; गोळ्या झाल्या, पण शंका आली तरी तपासायचं नाही, विचारायचं नाही, हा सराव नीट झालेलाच नाही. आधी तो करू. नाहीच जमलं, तर शस्त्रक्रियेचा विचार आहेच. दादा वहिनींना म्हणाला, "म्हंजे त्याले चहा तुमीच पाजून राह्यले होते." बोलला हसून, पण मला ते लागलं.

ते महिने कठीण गेले. दादाने विचारायचं आणि आम्ही "माहीत नाही" म्हणायचं. तो घामाने भिजायचा, मला शिव्या द्यायचा. फोनवर एकदा रडला, "एक बार सांग न रे." मी सांगितलं नाही. ज्याने मला शिकवलं, त्याला मी एक शब्द देत नव्हतो. वहिनी अंगणात जाऊन उभ्या राहत. पण हळूहळू दोन फोनांमधलं अंतर वाढलं आणि दादा जेवायला पाटावर येऊ लागला.

आता दुकान सकाळचं उघडतं. वाडगा वहिनींनी चिमण्यांना पाणी ठेवायला नेला. पावना अधूनमधून येतो. शस्त्रक्रियेचं विचारलं तर दादा म्हणतो, "तो रस्ता बंद नाई. पन जाचं का नाई, ते मी सांगीन." मी मान डोलावतो. एवढं मला आधीच कळायला हवं होतं.

मागच्या रविवारी त्याच्याकडे गेलो होतो. दादा गॅसकडे पाठ करून बसला होता, सोयाबीनच्या भावावर बोलत होता. नंतर मला पोचवायला एसटी स्टँडवर आला. गाडी लागली, मी पायरीवर चढलो आणि सवयीने मागे वळून म्हणालो, "दादा, गॅस बंद आहे हं."

दादा हसायला लागला.

"मी इचारलं काय? आता तूच काऊन त्याले चहा पाजून राह्यला, मास्तर?"