कॅरिअरवरची जागा

माझे वडील कुपवाडला एका छोट्या कारखान्यात टर्नर होते, आणि जगातली कुठलीही अडचण लोखंडाने सुटते असं त्यांचं मत होतं. गावी रहिमतपूरकडे भावकीशी पटेना म्हणून आम्ही सांगलीकडे आलो आणि कुपवाडच्या माळावर दोन खोल्यांत राहिलो. सत्तरनंतरची ती वर्षं. माळावर नव्या शेडी होत्या, बाभळी होत्या, कुत्री होती. दुकान म्हणावं असं काही नव्हतं. ज्वारीपासून रॉकेलपर्यंत सगळं सांगलीहून आणायचं. घरात सायकल एक. माणसं चार: वडील, आई, मी सहा वर्षांची आणि भाऊ जेमतेम चालायला लागलेला.

आम्हाला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. तेव्हा एका सायकलवर पोरं आणि बाजार कसा बसवायचा, हा प्रश्न वडिलांनी कित्येक दिवस चघळला. संध्याकाळी सायकल अंगणात उभी करून ते तिच्याभोवती फिरायचे. मग कारखान्यातल्या भंगारातून गज आणि पट्ट्या येऊ लागल्या. मालकाचं लोखंड, मालकाचं वेल्डिंग, आणि कौतुक आमच्या वडिलांचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

पुढच्या दांडीवर भावासाठी सीट झाली. पाठीला टेकू, हाताला कडं, पाय ठेवायला दोन पायटे, वर रेक्झिनची गादी. हँडलला रॉकेलच्या डब्यासाठी गोल कडी झाली. डबा त्यांनी आडवा-उभा मोजला, पुन्हा मोजला, कारण रॉकेल हिंदकळलेलं त्यांना खपणार नव्हतं. त्या दिवसांत रेशनचं रॉकेल मिळवायला अर्धा दिवस रांगेत जायचा. कॅरिअर रुंद केलं, कारण त्यावर ज्वारीचं पोतं आडवं बसायला हवं होतं. एवढं सगळं झाल्यावर पोत्याच्या मागे वीतभर जागा उरली. ती माझी.

आई म्हणाली, "आवं, हिच्या पायाला कायतरी करा की. लोंबत्यात."

"पोरी भराभर वाढत्यात," वडील म्हणाले. "आज करायचं आन् वर्साला मोडायचं. ट्यूबनं बांधतो. ट्यूब कवा सुटती व्हय?"

कुपवाडात सगळे सगळंच ट्यूबने बांधायचे. सायकलची जुनी ट्यूब उभी कापली की लांब पट्टी निघते. तिने पोतं बांधा, खुर्ची बांधा, बोकड बांधा, सुटत नाही. त्याच पट्टीने वडिलांनी मला कमरेला पोत्याशी बांधलं आणि दोन्ही घोटे कॅरिअरच्या दांड्यांना बांधले. मग सामानाला द्यावा तसा हिसका देऊन पाहिला. "हलू नगंस. पोत्यावानी बसायचं," असं सांगून झालं. पोतं पाय झाडत नाही आणि ट्यूब ताणली की ताणते, हे मापात चूक न करणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

पोत्याला पाठ लावून मी मागे तोंड करून बसायची. त्यामुळे बाजाराहून येताना मला पुढचं काही दिसायचं नाही, फक्त आई दिसायची. ती भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चालत असायची, कारण तिला सायकलवर जागा नव्हती. आम्ही पुढे गेलो की ती बारीक बारीक होत जायची. मग वडील एखाद्या झाडाखाली थांबायचे, बिडी ओढायचे, भावाला पाणी पाजायचे, आणि आईच्या नावाने बोटं मोडायचे. आई धापा टाकत झाडापाशी पोहोचली की त्यांची विश्रांती झालेली असायची. "चला," म्हणून ते पायडल मारायचे. तिला सावलीत पाटी उतरवताना मी कधी पाहिलं नाही. मला सायकलवर फक्त एक भीती होती, आई दिसेनाशी होण्याची. ती दिसत असली की पायाला मुंग्या आल्या तरी मी गप्प बसायची.

उसाचा हंगाम होता. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागली होती. आम्ही एक गाडी ओलांडली आणि आई त्या गाडीमागे झाकली गेली. मी वाट पाहिली. गाडी मागे पडली, तरी आई दिसेना. मी बाजूला झुकले, आणखी झुकले, आणि पाय ताणला. ट्यूबही ताणली. टाच चाकाच्या तारांत गेली.

सायकल जागच्या जागी अडली. वडिलांनी पाय टेकून तोल सावरला, भावाला उचलून खाली ठेवलं. मग डबा बघितला. झाकण सैल होऊन रॉकेल ठिबकत होतं, ते त्यांनी घट्ट केलं. मग ते मागे आले. माझा पाय चाकात होता, कंबर पोत्याला बांधलेली होती आणि मी ओरडत होते. वडिलांनी माझ्या थोबाडीत दिली.

"हलू नगंस म्हणलं हुतं का न्हाई?"

गाडीवानाने खाली उडी मारली आणि कोयत्याने ट्यूब कापली. वडील त्याला म्हणाले, "कापाय कशाला पायजे हुती? सोडली असती की." चाक उलटं फिरवून पाय बाहेर काढला तोवर आई पळत आली होती. भाजी रस्त्यावर सांडली होती. तिने पदराने टाच गुंडाळली आणि मला कडेवर घेतलं. वडील भावाला आणि पोत्याला घेऊन पुढे गेले, कारण रॉकेल पुन्हा ठिबकायला लागलं होतं. आई मला घेऊन वाटेतल्या दवाखान्यात गेली. तिथे टाके पडले. मला टाके आठवत नाहीत, आईचा घामेजलेला गळा आठवतो, आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती ते, "आता न्हाई बसवायची तुला. कवाच न्हाई." त्या वाक्यावर मी जगातला सगळा भरवसा ठेवला.

मी खाटेवर पडून होते. संध्याकाळी वडील पुन्हा कारखान्यातून पट्ट्या आणू लागले. अंगणात ठोकाठोक सुरू झाली. मला खाटेवरून दिसत होतं: कॅरिअरच्या बाजूला खाली ते एक पायटा बसवत होते. मी हरखले. थोबाडीत दिलेलं मी तेव्हाच विसरले. टाच बरी झाली की तिथे पाय ठेवून बसायचं, कुणी बांधायचं नाही, हे मी भावालासुद्धा सांगितलं. त्याला काय कळत होतं.

मग वडील आत आले आणि त्यांनी आईची चप्पल मागितली. चप्पल पायट्यावर ठेवून त्यांनी खडूने खूण केली.

"पोरगी ऱ्हाती घरी," ते म्हणाले. "पोतं हितं फुडं अडकवलं तर मागं तुझी जागा हुती."

 आईचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई लाजली होती.

सुट्टीच्या दिवशी ती ठेवणीतलं पातळ नेसली. नळावरच्या बाया बघायला आल्या. "लय नशीबवान गं बाई तू," एक म्हणाली, आणि आई तोंडाला पदर लावून हसली. माझ्या टाचेतून तेव्हाही पाणी येत होतं. पुढे ती आखडलीच. आजही तो पाय चवड्यावर पडतो. वडिलांचा मला राग येत नाही. त्यांच्याकडून मी काही अपेक्षा धरलीच नव्हती. राग आईचा आला, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो तसाच आहे.

वडिलांनी पायडल मारलं. आई कॅरिअरवर तिरकी बसली होती, दोन्ही पाय पायट्यावर नीट जुळवून. भावाने घंटी वाजवली. मी खाट सोडून भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आले होते. आईने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, आता उतरेल.

"दार लावून घे गं," ती म्हणाली. "कुत्री शिरत्यात."