जादा तासाचा पेपर

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की इथं परमुलखातही मला कळंब्याची आमची शाळा आठवते. पाचवीत सरांनी स्कॉलरशिपच्या जादा तासाला पाच हुशार मुलं निवडली. माझ्या बाकावरची मैत्रीण त्यांत होती, मी नव्हते. तिला रोज नवा, झेरॉक्स केलेला सराव पेपर मिळायचा आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा मी तिच्या दप्तरातून पेपर काढला आणि घरी गोठ्यापाशी बसून सगळा सोडवला. दुसऱ्या दिवशी मी जादा तासाच्या वर्गाच्या दाराशी उभी होते, तेव्हा सर तिच्यावर कडाडले, "पेपर हरवतीस व्हय गं? उद्यापासनं तासाला येऊ नकोस!" ती रडायला लागली. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. पण माझी उत्तरं कुणीच तपासणार नाही, हे सोसवेना. "म्या चोरला हुता सर," म्हणत मी कागद पुढं केला. सरांनी तो तपासला, माझा कान पिरगळला आणि म्हणाले, "दोनच चुकल्यात की! बस हितंच, चोरटे." मैत्रिणीनं डोळे पुसले आणि सरकून मला जागा दिली. पुढं आठवीतच माझी शाळा सुटली. आजही कुणी शिक्षण विचारलं की मी विषय बदलते. त्या दोघांचे उपकार मी विसरलेले नाही, पण तिच्या हुशारीपेक्षा तिच्या त्या सरकण्याचाच मला जास्त हेवा वाटतो. मी काही सरकले नसते.