मंगळवारच्या हौशी बायका

शामला नऊ वर्षं आल्मेरेहून गाडी पकडून अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संग्रहालयात जात होती. लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं तिच्या हाताखाली. नोकरी मात्र तात्पुरती. इथल्या कायद्यानं तीन तात्पुरते करार झाले की चौथा कायमचा द्यावा लागतो. म्हणून तिसरा संपला की गोड बोलून सहा महिने घरी बसवायचं आणि मग पुन्हा श्रीगणेशा. कायद्यातून पळवाट काढण्यात आपणच पटाईत, असं कुणी समजू नये.

त्या चित्रांत नुसती चैन. फुललेल्या चेरीखाली सतरंज्या टाकून बसलेले व्यापारी, नटूनथटून नाटकाला निघालेल्या त्यांच्या बायका, टोपीत तोंड लपवून बदनाम वस्तीत शिरणारा सामुराई. शामलाची नजर जायची ती डबे वाहणाऱ्यांकडे, पालखी उचलणाऱ्यांकडे. यंदा तिनं त्यांच्यावरच प्रदर्शन उभं केलं. "एवढं पार पडू दे, मग तुझ्या कायमच्या जागेचं बघू," विभागप्रमुख म्हणाले होते.

सोबत आणखी एक काम आलं. जवळच्याच हार्लेम गावातल्या मोठ्या घरांतल्या, निवृत्त झालेल्या पाच बायका दर मंगळवारी हौसेनं, बिनपगारी मदतीला येणार होत्या. त्यांना तयार करायचं. कागद दोन्ही हातांनी कसा उचलावा, शिक्के कसे ओळखावेत, नोंद कशी लिहावी, शामलानं हातचं काही न राखता सगळं शिकवलं.

"अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस," तिचा नवरा वासुदेव म्हणाला.

"उलट माझ्यावाचून अडतं हे त्यांना कळेल. काम बोलतं रे. आपण कशाला बोलायचं?"

काम बोललं खरं, पण भलतंच. प्रदर्शन गाजलं, आणि पुढच्याच आठवड्यात प्रमुखांनी तिला कॉफीला बोलावलं. सोबत एकच बिस्किट. "मंगळवारचा गट इतका सुरेख तयार झालाय, शामला, की संग्रहालयाच्या बोर्डानं तुझी जागाच रद्द केली. याचं श्रेय तुझंच."

या खेपेला सहा महिने नव्हते, कायमचंच होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला हे काम दुसरीकडे कोण देणार? तिला रडू आलं ते घरी परतताना गाडीत, वेस्प स्टेशन गेल्यावर.

शेवटच्या दिवशी त्या पाचजणींतल्या मार्येकेनं तिला मिठी मारली. बाई मनानं खरंच चांगली होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना.

"आता तुला वेळच वेळ," मार्येके म्हणाली. "तूही मंगळवारी येत जा ना आमच्यात. मजा येते गं, आणि तुला तर सगळं येतंच."

हो म्हटलं तर ही जागा पुन्हा कधी निघणार नाही, हे शामलाला स्वच्छ कळत होतं. नाही म्हटलं तर ती चित्रं पुन्हा हाताला लागणार नव्हती. अपमानानं तिचे कान तापले.

"किती वाजता यायचं?" तिनं विचारलं.