पडवीकडचं चाक

"थांबय! थांबय मेल्या गाडी! माझी हाडां सुटी करून न्हेतलंस काय हॉस्पिटलात?"

शेजारच्या सीटवरून आई ओरडत होती आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. धरलं होतं कसलं, लटकलो होतो त्याला. मळेवाड मागे पडून रस्ता जरा सरळ झाला, गाडीने वेग घेतला, की स्टिअरिंगच्या अंगात अवसर येई. देव अंगात आलेला माणूससुद्धा इतका घुमत नाही. माझ्या दाढेतलं सिमेंट सुटलं, शर्टाची बटणं आपोआप उघडली आणि आरशात मागची एक म्हैस मला तीन दिसली. यातलं निम्मं खरं आहे.

हळू चालवलं तर गाडी गप्प. पण आरोंद्याहून सावंतवाडीपर्यंत हळू गेलं की डायलिसिसच्या मशीनवरची आईची पाळी हुकते, आणि पाळी हुकली की पाय सुजतात, दम लागतो. आईच्या आजाराची आम्हाला सवय झाली होती, तिला तर आमच्याआधी. मी दमलो होतो तो या थरथरीने.

त्यात गाडी मीच सजवलेली. जुनी लोखंडी चाकं खाऱ्या हवेने गंजली म्हणून नवी अलॉयची घातली, पाच पाकळ्यांची, चकचकीत. ती बघून रेडी बंदरातल्या बोटी भोंगा देतात, असं मी गावात सांगत असे. आई एवढंच म्हणाली होती, "जुनी काय वायट होती?"

त्या दिवशी तिला मशीनला लावून मी गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिक म्हणाला, सीट हादरली तर मागचं चाक बघायचं, स्टिअरिंग हादरलं तर पुढचं. त्याने चाकं काढली. मधलं भोक गाडीच्या मानाने मोठं होतं, तिथे रिंगा बसवल्या. मग मशीनवर फिरवून जिथे चाक हलकं पडत होतं तिथे आतून शिशाच्या पाच-पाच ग्रॅमच्या चौकोनी वड्या चिकटवल्या. परतताना गाडी अशी आली की आई घोरायला लागली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या खेपेला मळेवाड सोडलं आणि पुन्हा अवसर.

मेकॅनिक चाकाखाली वाकला. "शिसां खंय गेली ओ?" माझ्या बाजूच्या पुढच्या चाकात वड्यांच्या जागी नुसते गोंदाचे डाग. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमच्या आरोंद्याक खारी हवा. गोंद धरणा नाय." त्याने नव्या वड्या लावल्या. दुसऱ्या खेपेला त्याही गेल्या. मग त्याने ते पुढचं चाक मागे टाकलं, मागचं पुढे आणलं, सगळ्यांचं पुन्हा बॅलन्सिंग केलं. तरी पुढल्या वेळी हादरलं ते त्याच बाजूचं, पुढचं. चाक बदललं, बाजू बदलली नाही.

"आता राखणदाराक गाराणा घाला," मेकॅनिक म्हणाला. तो हसत नव्हता. गावाची राखण करणाऱ्या त्या देवाला मी नारळ दिला. राखणदाराने माझ्यापेक्षा मोठी प्रकरणं पाहिली असणार, त्याने लक्ष दिलं नाही.

घरी आल्यावर आईने जाहीर केलं, "मी त्या गाडीत बसूचंय नाय. सुईच्या हाताक धक्के बसतत. मरान पण बसूचंय नाय." आणि जेवायला बसली. पानात काळुंदर माशाचा एकच तुकडा, डॉक्टरने परवानगी दिलेला तेवढाच. दुसरं काही तिला जात नव्हतं. बाबा रोज खाडीत पागाचं जाळं टाकायचे ते त्या तुकड्यासाठी. मधे बरेच दिवस रिकाम्या हाताने येत होते. हल्ली मात्र रोज काहीतरी मिळत होतं, आणि मी म्हणालोही, "बाबानू, या वयात तुमचो हात बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसलो होतो. भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं. बाबा पाग वाळत घालत होते, रोजच्या जागी, पडवी आणि गाडी यांच्या मधे. गोल जाळं, कडेला दोरीवर ते बुडवणारे शिशाचे मणी, जुने, काळे पडलेले, बरेच गळून गेलेले. त्यांच्या मधेमधे काही नवे चमकत होते. चौकोनी वड्या दुमडून दोरीवर ठोकलेल्या. जवळ जाऊन पाहिलं तर एकीवर अजून पाचाचा आकडा वाचता येत होता.

मी गाडीकडे पाहिलं. पडवीकडे होतं ते माझ्या बाजूचं पुढचं चाक. पाच पाकळ्यांमधून हात सहज आत जातो, मी घालून बघितला.

इतका ओरडलो की खाडीपलीकडे गोव्यात होडीवाल्यांनी वल्ही थांबवली. बाबा पागाची गाठ मारत होते, ती पुरी केली.

मी तसाच सावंतवाडीला जाऊन वड्या लावून आलो, आणि गाडी तोंड फिरवून माडाखाली, पडवीपासून लांब लावली. पाळीच्या दिवशी आईला म्हटलं, "आज हादरली तर तुका पाठीवर घेऊन जातंय."

"तुझी पाठ बघलंय मी," ती म्हणाली. पण बसली. मळेवाड गेलं, सरळ रस्ता आला, स्टिअरिंगवर मी एकच बोट ठेवलं. आईने डोळे मिटले ते हॉस्पिटलच्या दारात उघडले.

संध्याकाळी तिला आत निजवून मी पडवीत आलो. बाबा पाग खांद्यावर टाकून खाडीकडे निघाले होते. माझा राग दमून गेला होता, फक्त विचारायचं राहिलं होतं.

"बाबानू, शिसा व्हया होता तर माका सांगूचा. गाडीची कित्याक काढलात?"

ते पायरीवर थांबले.

"पाग तरंगत होतो."