दोन बायांचा एक कोयता

मी अजहर, शहाद्याचा. ट्रॅक्टर माझा, ट्रॉली माझी, हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. आता मला सांगा, आपली ट्रॉली उलटावी असं कुणाला वाटेल का? मग त्या दिवशी कळसाडीच्या फडात माझं डोकं फिरलं, तर माझं काय चुकलं?

भांडण होतं कालीबाईचं. ही मोलगीकडच्या पाड्यावरची. तिचा बाप ऊस तोडायला गुजरातेत जायचा, तिकडेच उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ही जन्मली. त्या काळी अख्खा पाडा घाट पायी उतरायचा, डोक्यावर पीठ अन् काखेत कोंबडी घेऊन. पुढे ट्रक आले, आता जिपा आल्या. पण दिवाळी झाली की डोंगर रिकामा व्हायचा तो आजही होतोच, अन् होळीला सगळे परत. कालीबाई कळती झाल्यापासून उसात. आधी बापाच्या कोयत्यावर, मग नवऱ्याच्या.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे हं. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता, अन् नाव त्याचं. एकटं माणूस आलं की अर्धा कोयता. कालीबाईचा नवरा नवलसिंग मागल्या पावसाळ्यात तापानं गेला, अन् एवढी कामाची बाई टोळीच्या हिशोबात अर्धी झाली. मला तर ऐकूनच राग येतो.

मुकादम दिलवरसिंग तसा वाईट नाही. पण त्याचं गणित सरळ. टोळीत धुडकू नावाचा एक सडाफटिंग गडी होता, तोही अर्धा. दोन अर्धे मिळून एक, विषय संपला. कालीबाई म्हणाली, परक्या गड्याबरोबर त्याच्या नावावर मी तोडायची नाही, माझी जोडी सिंधुबाई. सिंधुबाई तिची नणंद, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, म्हणजे आणखी एक अर्धी. मुकादम हसायलाच लागला. तोडाल, बांधाल, पण ट्रॉली रचणार कोण, असं त्यानं विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता. ट्रॉलीवर ऊस रचायचा अन् दोर आवळायचे हे गड्यांचं काम. रचाई चुकली की माल कलतो, अन् मालाबरोबर ट्रॉलीही. कालीबाई म्हणाली, आम्ही रचतो, बघ. शेवटी ठरलं असं, की मोळ्या टोळीनं वर द्यायच्या, रचायचं या दोघींनी. रस्त्यातली पाटाच्या पाण्याची चारी ओलांडून ट्रॉली धड गेली तर दोघींचा पुरा कोयता. नाही गेली तर कालीबाईनं धुडकूबरोबर तोडायचं, नाहीतर डोंगरात परत जायचं. सगळं ठरलं, फक्त मला कुणी विचारलं नाही. ‘ही मन्ही ट्रॉली शे,’ म्हणून मी बोंबलत होतो. कुणी ऐकेल तर शपथ.

पण काय रचली राव! बुडखे बाहेर, शेंडे आत, एक थर आडवा, एक उभा. कालीबाई पायानं दाबत जायची, सिंधुबाई मोळी झेलून तिच्या हातात द्यायची. दोर आवळताना तर सिंधुबाई त्याला अक्षरशः लोंबकळली. टोळीनं आपापली कामं टाकली अन् सगळे बांधावर येऊन उभे राहिले. मी शिव्या द्यायचं विसरलो.

मी ट्रॅक्टर चालू केला तरी कालीबाई वरच. खाली उतर म्हटलं, दोनदा म्हटलं.

“मी रचलंय,” ती म्हणाली. “पडलं तर आधी मी पडेन.”

या बाईपुढे मी हात टेकले. पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखा निघालो. मागे सगळी टोळी चालत. चारी आली. पुढची चाकं चढली, उतरली. मग ट्रॉलीचं डावं चाक खड्ड्यात गेलं अन् सगळा ऊस कर्रकन एका अंगावर कलला. मागून बायका ओरडल्या. वळून बघायची हिंमत होईना. दात आवळले अन् रेस दिली. चाक वर आलं, ट्रॉली डुलली, सरळ झाली. वळून बघतो तर एक कांडं खाली नाही, अन् कालीबाई वर दोर धरून बसलेली, घामानं चिंब. खुशीनं मी असा हॉर्न वाजवला की कळसाडीतली पोरं धावत आली. धुडकूसुद्धा टाळ्या पिटत होता, बोला आता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मोकळी ट्रॉली घेऊन फडात हजर. एरवी एवढ्या लवकर कोण जातो, पण मला राहवलं नाही. मुकादम रोजच्यासारखा कामाच्या जागा वाटत होता. इंद्रसिंगचा कोयता, विहिरीकडून. ओ. भीमसिंगचा कोयता, रस्त्याकडून. ओ. मग तो थांबला, खाकरला.

“कालीबाईचा कोयता, बांधाकडून.”

कुणी ओ देईना. कालीबाई तर समोरच उभी. सिंधुबाईनं तिला कोपरानं ढोसलं, तुलाच हाक मारतोय म्हणाली.

“दादा,” कालीबाई म्हणाली, “अजून एकदा म्हण.”

दिलवरसिंग एक गोष्ट दोनदा सांगणारा माणूस नाही. त्यानं सांगितली, अन् पहिल्यापेक्षा मोठ्यानं. दोघींनी एकदमच ओ दिली.