ताडगोळ्याचं झाकण

"आदी ऐका, मंग वरडा."

एवढं बोलून ते आपला उजवा पंजा तुमच्या कागदांवर ठेवायचे आणि तुम्ही ऐकून घेईपर्यंत उचलायचे नाहीत. बोईसर स्टेशनजवळच्या आमच्या डॉक्टरांचे ते कंपाउंडर. त्या काळात तिथलं लाल औषध ज्यांनी प्यायलं असेल, त्यांना हा पंजा आठवेल.

माझा जुन्या पिंपांचा धंदा. कारखान्यांतली रिकामी पिंपं घ्यायची, धुऊन विकायची. हातगाडीपासून इथवर आलो तो घासाघीस करत. माझी रीत ठरलेली. समोरच्यानं भाव सांगितला की उठायचं आणि चालू लागायचं. दाराशी पोचायच्या आत हाक येतेच.

नव्वदनंतरची गोष्ट. कमरेत उजवीकडे सारखं जड वाटे. पालघरला सोनोग्राफी केली, तर मूत्रपिंडावर पाण्याची मोठी गाठ निघाली. साधी पाण्याची पिशवी आहे, वाईट काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण 'गाठ' ऐकल्यावर पुढचं कोणाला ऐकू येतं? सुईनं पाणी काढायचं, आत औषध सोडायचं, म्हणजे पिशवी आतून चिकटते. मी सुई घेतली. काही महिन्यांत पिशवी पुन्हा भरली.

मी दवाखान्यात जाऊन कंपाउंडरवर तोंड सोडलं. सुईची खात्री कोणी दिली नव्हती, असं ते शांतपणे म्हणाले. त्यांनीच दिली होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

मग आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. एकट्यानं जायचा धीर मला नव्हता, हे मी कोणाला बोललो नव्हतो. तरी सकाळी कंपाउंडर फलाटावर हजर. हातातल्या पिशवीत त्यांच्या चिंचणीच्या घरचे ताडगोळे.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पुन्हा सुई, किंवा पोटाला तीन बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन. सुईत धोका कमी, पण पिशवी परत भरू शकते. दुर्बीण नवी, पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि वेळ पडलीच तर पोट उघडावं लागेल. मी घासाघीस सुरू केली. भोक एकच पाडा. भूल कमरेखालची द्या. पोट उघडणार नाही असं लिहून द्या. डॉक्टर नुसती नकारार्थी मान हलवत राहिले. मी सवयीनं उठलो आणि चालू लागलो.

दार मागे पडलं. जिना आला. हाक आली नाही.

जिन्यावर थांबून मी मागे वळून पाहिलं. त्या माणसाला मला काही विकायचंच नव्हतं.

थोड्या वेळानं कंपाउंडर फाईल काखेत धरून आले आणि पायरीवर बसले. "बसा, शेट." पिशवीतून एक ताडगोळा काढून त्यांनी अंगठा खुपसला. पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं.

"ही सुई. पानी गेलं, पन साल हाय ना? तुमची साल परत पानी धरते." मग दुसरा घेतला आणि नखानं त्याची वरची बाजू कापून काढली. "ही दुर्बीन. झाकनच नाय, तर पानी साठंल कुठं?"

"मग अख्खी सालच काढा म्हणावं."

"खालची मूत्रपिंडाला चिकटलेली. वढली तर रगत येल. तेवढी ऱ्हाऊ द्या."

"आणि मी उठलोच नाही तर?"

याला त्यांच्याकडे ताडगोळा नव्हता. ते धोतराला बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "मी भाईर बसलेला असन. आता वरडा."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो. आम्ही दोघांनी ते ताडगोळे खाल्ले आणि परत वर गेलो.

ऑपरेशन दुर्बिणीनंच पार पडलं. बाहेर ते होते, पंजा माझ्या फाईलवर.

पुढे दर वर्षी सोनोग्राफी. रिपोर्टचं पाकीट मी बंदच त्यांच्यापुढे ठेवायचो. ते उघडायचे, वाचायचे, पंजा ठेवायचे. "आदी ऐका. साफ हाय." तेवढ्या वेळात माझा घाम निघे. आभार कधी मानले नाहीत. उलट चार पेशंटांसमोर सुईचं जुनं भांडण काढायचो. ते हसायचे.

एका वर्षी पाकीट घेऊन गेलो, तर त्यांच्या जागी नवीन बाई. कंपाउंडर वारले, म्हणाल्या. चिंचणीला, घरीच. पंधरा दिवस झाले. मला कोणी कळवलं नाही म्हणून मी तिथेच आवाज चढवला. तो राग अजून आहे.

बाईंनी हात पुढे केला. "द्या, मी बघते."

मी पाकीट दिलं नाही. तसंच बंद खिशात घातलं, उठलो आणि चालू लागलो. दाराशी आलो तेव्हा पाय आपोआप हळू झाले.